‘तिथे हात साफ करायला मिळतो’: मेळघाटात निघालेल्या सातजणांना

पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: आम्ही सातजण जुलैअखेर पंधरा दिवस मेळघाटात आरोग्य शिबिराच्या कामाला जातोय. सोबत एक डॉक्टर आहेत, पण ते एका वेळी सगळ्या गावांत नसतील. सिनियर्स म्हणतात, तिथे हात साफ करायला मिळतो. आम्ही कुठवर करायचं? लोक बाळाला भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैद्याकडे, नेत असतील तर अडवायचं का? एखादा छोटा सर्व्हे करून परिषदेत मांडायचा विचार आहे, त्याला परवानगी लागते का? आणि ऍप्रन न्यायचा का?

ऍप्रनचं शेवटी सांगते. आधी त्या सिनियरच्या वाक्याकडे वळू, कारण ते वाक्य मीही ऐकलं होतं. ऐकलं कशाला, पुढे ज्युनियर्सना सांगितलंही होतं.

इंटर्न असताना मी एका आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. रात्री साडेदहाच्या सुमाराला एक बाई दहा महिन्यांचं पोर घेऊन आली. हगवण, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. सलाईन लावायला हवं होतं आणि ते मला लावायचं होतं. सिस्टरचं क्वार्टर दवाखान्यापासून चाळीस पावलांवर होतं. मी सिस्टरांना उठवलं नाही. हातावर दोनदा टोचलं, पायावर दोनदा, पुन्हा हातावर. प्रत्येक वेळी ती आई मी सांगेन तो हात, सांगेन तो पाय घट्ट धरून ठेवत होती. सहाव्यांदाही शीर फुटली तेव्हा मी वॉर्डबॉयला पाठवलं. सिस्टर केसांचा बुचडा बांधत आल्या, डोक्यावरची शीर शोधली, एका टोचण्यात सुई आत. जाताना एवढंच म्हणाल्या, “मॅडम, आधी बोलवायचं ना.”

पोर बरं झालं. त्या आईने एका शब्दाने तक्रार केली नाही आणि मी कित्येक वर्षं तिला ‘को-ऑपरेटिव्ह’ म्हणत आले. शहरातल्या माझ्या वॉर्डात तिसऱ्या टोचण्याला मुलाचा काका पुढे आला असता आणि म्हणाला असता, मोठ्या डॉक्टरांना बोलवा. त्या बाईजवळ नकार द्यायला माझी भाषा नव्हती आणि दुसरा दवाखाना घाट उतरून होता. तिच्या गप्प बसण्याला मी संमती समजले. चाळीस पावलं मी चालले नाही, कारण मला शिकायचं होतं, आणि त्याची किंमत त्या पोराच्या हातापायांनी दिली.

त्यामुळे ‘कुठवर करायचं’ याचं माझं उत्तर सोपं आहे. पुण्याच्या वॉर्डात, पेशंटचा शिकलेला भाऊ शेजारी उभा असताना जे करायची तुमची हिंमत होणार नाही, ते मेळघाटातही करायचं नाही. टाके घालणं, इंजेक्शन देणं, प्रसूतीत हात घालणं, औषध लिहून देणं, यातलं काहीही डॉक्टर किंवा सिस्टर शेजारी उभ्या नसताना नाही. आणि ‘शेजारी’ म्हणजे त्याच खोलीत, फोनवर नव्हे.

कायद्याचं म्हणाल तर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे कुठलीच नोंदणी नसते. शेवटची परीक्षा पास झाल्यावर इंटर्नशिपपुरती तात्पुरती नोंदणी मिळते, कायमची त्यानंतर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, 2019 च्या कलम 34 खाली नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मेळघाटात तुमच्यावर असा खटला कोणी भरणार नाही, हे मला माहीत आहे. तिथल्या लोकांना तो भरता येत नाही, म्हणूनच हे सांगायची वेळ येते.

‘पण कुणीच नसेल तर?’ हा पुढचा प्रश्न दर वर्षी येतो आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिनेमातला प्रसंग असतो. बहुतेक वेळा कुणीतरी असतं. उपकेंद्राची सिस्टर असते, आशाताई असते, 108 असते. जुलैत तिथे साप चावतात. अशा वेळी तुम्ही करायचं ते इतकंच: हात किंवा पाय हलू न देणं, करकचून बांधलेली दोरी असेल तर ती आपण होऊन सोडायला न जाता डॉक्टरांना फोनवर विचारणं, चिरा मारू न देणं आणि गाडी मिळवणं. गाडी मिळवणं हे तिथलं खरं कौशल्य आहे. कुठल्या गावात कुणाची बोलेरो आहे, रेंज कुठल्या टेकाडावर येते, नाल्याला पूर आला तर कुठून वळसा घालायचा, याची यादी पहिल्याच दिवशी करून ठेवा. टाके घालता येण्यापेक्षा ती यादी जास्त जीव वाचवेल.

बाकी तुम्हाला करण्यासारखं खूप आहे आणि ते दुय्यम समजू नका. वजन नीट घेणं, दंडघेर मोजणं, श्वास मोजणं, ओआरएस कालवून दाखवणं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला की ते तीव्र कुपोषित, सॅम. साडेअकरा ते साडेबारा मध्यम. पट्टी जरा सैल धरली तर पोर लालमधून पिवळ्यात जातं आणि यादीतून सुटतं. पंधरा दिवसांत सातजणांनी एवढी एक गोष्ट काटेकोर केली तरी अंगणवाडी सेविका तुमचं नाव काढतील.

आता भूमकाचा प्रश्न. त्याआधी एक सांगते. विद्यार्थ्यांच्या डायऱ्या मी वीसेक वर्षं वाचतेय. त्यांत ‘संस्कृती’ आणि ‘अंधश्रद्धा’ या दोन शब्दांखाली जे लिहिलेलं असतं त्यातलं निम्मं गाडीभाडं असतं, मजुरी असते आणि पूर्वी कधी तरी दवाखान्यात झालेला अपमान असतो.

एका डायरीतलं वाक्य जवळजवळ शब्दशः आठवतं: ‘आईला मुलाची काळजी नाही, एनआरसीत यायला तयार नाही.’ पोषण पुनर्वसन केंद्रात आईला साधारण चौदा दिवस राहावं लागतं. जुलैअखेर म्हणजे निंदणीचा भर. घरी आणखी दोन पोरं, मोठी सात वर्षांची, नवरा बाहेरगावी कामाला. सरकार त्या दिवसांची बुडीत मजुरी देतं, पण ती हातात कधी पडते हे डायरी लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्याने विचारलं नव्हतं. मी त्याला परत पाठवलं आणि सांगितलं, तिला फक्त विचार, काय झालं तर येशील? ती म्हणाली, घरच्या दोघांनाही घेऊन येऊ दे आणि नणंदेला निरोप द्या. निरोप गेला, ती आली. यात संस्कृतीचा भाग किती होता, तुम्हीच ठरवा.

पण उरलेलं निम्मं खरोखरच वेगळं जग आहे. त्याला ‘सगळं गरिबीमुळे’ म्हणून झाकून टाकणं हीसुद्धा तुच्छताच. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींची भाषा मुंडा कुळातली. मराठीशी तिचं नातं नाही, हिंदीशी नाही, शेजारच्या गोंडीशीही नाही; तिच्या बहिणी दूर झारखंडकडे, संथाळी आणि मुंडारी. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे हे लोक स्वतःला ‘माणसं’ म्हणवतात आणि आपण त्यांना फॉर्ममध्ये एसटी असं लिहितो. त्यांचे देव, त्यांची होळी, फगवा, मेलेल्यांची आठवण ठेवायच्या त्यांच्या रीती, यांचा तुमच्या ओपीडीशी संबंध नाही असं वाटतं. पण बाळाला नेमकं काय झालंय, हे ठरवणारी माणसं त्याच जगात राहतात.

डंब्याचं उदाहरण घ्या. बाळाचं पोट फुगलं किंवा ते कण्हू लागलं की विळा किंवा सळई तापवून पोटावर चटके देतात, त्याला तिकडे डंबा म्हणतात. तुम्ही तो पाहिलात तर पोटात कालवेल. बेंबीभोवती मसुरीच्या डाळीएवढे काळपट ठिपके, ओळीने, कधी पाच, कधी वीस. एका वर्षी आमच्यातल्या एका मुलीने वीस-बावीस दिवसांच्या बाळाचं दुपटं उघडलं, ठिपके पाहिले आणि ती किंचाळलीच. “हे कोणी केलं? पोलिसांत दिलं पाहिजे तुम्हाला.” आजीला मराठी समजत नव्हतं, पण ‘पोलीस’ समजलं. दहा मिनिटांत आजी बाळासकट घरातून नाहीशी. बाळाला न्यूमोनिया होता. दोन दिवसांनी आशाताईने त्यांना पलीकडच्या गावी आत्याच्या घरी शोधून काढलं आणि उपजिल्हा रुग्णालयात पोचवलं. बाळ वाचलं. ते दोन दिवस आमच्यामुळे गेले, आजीमुळे नाही.

नंतर मी त्या आजीजवळ बसले. आशाताई मध्ये. ‘तुम्हाला काय दिसलं म्हणून डंबा दिला?’ ती म्हणाली, पोट उडत होतं. आता पाहा, बाळाला धाप लागली की छाती आत ओढली जाते आणि पोट वर उडतं. आपण श्वास मोजतो तेव्हा कुठे पाहतो? पोटाकडेच. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास भरले तर आपण त्याला जलद श्वास म्हणतो, रेफर करतो. आजी योग्य जागी पाहत होती, योग्य वेळी घाबरली होती. तिचा उपाय भयंकर होता, पण तिचं निरीक्षण आमच्या त्या मुलीपेक्षा दोन दिवस आधीचं होतं. त्यानंतर आम्ही त्या गावात ‘डंबा देऊ नका’ म्हणणं कमी केलं आणि ‘पोट उडताना दिसलं की त्याच घटकेला आशाताईला हाक मारा’ म्हणू लागलो. घरोघरच्या आजींना श्वास मोजायला शिकवलं. मोजदाद येत नाही म्हणून साठ मण्यांची माळ केली, एक श्वास एक मणी. घड्याळ आशाताईचं.

मग डंबा म्हणजे ‘त्यांची संस्कृती’ म्हणून सोडून द्यायचा का? मुळीच नाही. तान्ह्या बाळाला डागणं ही इजा आहे, त्यावर गुन्हेही दाखल झालेले आहेत. पण पंधरा दिवसांसाठी आलेल्या विद्यार्थ्याने जागच्या जागी फौजदार व्हायचं नाही. बाळाला आधी उपचारांपर्यंत पोचवा, ठिपके केसपेपरवर नोंदवा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी सांगा. पुढचं ते ठरवतील, ती त्यांची जबाबदारी आहे आणि पुढच्या आठवड्यातही ते तिथेच असणार आहेत.

भूमकाला अडवायचं का, तर वाटेत उभं राहून नाही. ताप आलेल्या मुलाला भूमकाने दोरा बांधला, पाण्यात तांदळाचे दाणे टाकून पाहिले, तर बिघडत काही नाही. बिघडतं ते वेळेने. ‘भूमकाकडे जाऊन या, पण आधी मलेरियाच्या तपासणीसाठी काचेवर रक्ताचा थेंब घेऊ द्या आणि संध्याकाळी मी पुन्हा बघून जाईन’, हे तुम्ही म्हणू शकता. स्वतः भूमकाला जाऊन भेटा. चहा प्या. त्याला विचारा, कुठल्या पेशंटला तो हात लावत नाही. प्रत्येक भूमकाची अशी यादी असते आणि ती ऐकण्यासारखी असते. त्यांना सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यात पाठवायचे प्रयत्न सरकारी पातळीवरही झालेत. त्यातले सगळे फळले नाहीत, पण जिथे भूमकाचा मान राखला गेला तिथे पेशंट लवकर आले, हा माझा अनुभव आहे.

भाषेचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नाही, पण मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची आहे. तुम्ही मराठीत विचारणार, आशाताई कोरकूत सांगणार, उत्तर हिंदीतून परत येणार. एकदा आमच्या मुलाने एका बाईला विचारलं, पोटात दुखतं का? ती बाई चांगली दोन मिनिटं बोलली, हाताने दाखवलं, मध्ये एकदा डोळेही पुसले. आशाताईने भाषांतर केलं: “काही नाही म्हणते.” त्याने केसपेपरवर लिहिलं, नो कम्प्लेंट्स. आशाताईचं चुकलं असं नव्हे. ती त्या बाईची चुलत जाऊ होती आणि नवऱ्याच्या मारहाणीची गोष्ट पुण्याच्या पोरासमोर काढायची नाही, असं तिने ठरवलं होतं. दुभाषा कोण आहे, त्याचं पेशंटशी नातं काय, हे आधी विचारायला हवं होतं.

याहून वाईट म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलाला दुभाषा करणं. ते सोयीचं असतं, कारण आश्रमशाळेत मराठी शिकलेलं ते एकच पोर घरात असतं. मी स्वतः एका बारा वर्षांच्या मुलाकडून त्याच्या आईला अंगावरून पांढरं जातं का, हे विचारून घेतलंय. त्याने मान खाली घातली आणि आईकडे न बघता विचारलं. आई ‘नाही’ म्हणाली. म्हणणारच. हे लिहिताना आजही मला शरम वाटते. असे प्रश्न बाईने बाईला, बंद दाराआड. तसा दुभाषा नसेल तर प्रश्न राहू द्या. गावातल्या बायकांना असे त्रास नसतात म्हणून ही शांतता असते, असं समजू नका. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या बायकांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. त्या बायका बोलल्या, कारण विचारणारी बाई तिथे राहायला आलेली होती. पंधरा दिवसांसाठी नव्हे.

वय हा तिथला दुसरा अवघड विषय. गरोदर मुलगी समोर येईल, सोबतची माणसं वय एकोणीस सांगतील आणि तुम्हाला दिसेल की सोळाच्या वर नाही. तुमच्यातला कुणीतरी दयेपोटी एकोणीस लिहून मोकळा होईल, दुसऱ्याला पोलिसांना फोन करावासा वाटेल. पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे 2012 च्या कायद्याच्या कलम 19 नुसार अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे आणि लग्न झालंय, दोघांची मर्जी होती, यातलं काही कायद्यापुढे टिकत नाही. दुसरीकडे, गुन्हा दाखल झाला की त्या गावातल्या पुढच्या चार मुली तपासणीला येतच नाहीत, घरीच बाळंत होतात. यातून स्वच्छ वाट मलाही सापडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात थोडी वाट काढली आहे, पण ती गर्भपातापुरती: अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरला पोलिसांकडे तिची ओळख उघड करायची गरज नाही. बाळंतपणाच्या नोंदीला ती सवलत नाही. तुम्ही एवढंच करा: वय स्वतःच्या मनाने वाढवू नका, कमीही करू नका, जे सांगितलं ते आणि जे दिसलं ते दोन्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकट्यात सांगा. आणि संध्याकाळी जेवताना सातजणांत तिची चर्चा करू नका. खोलीच्या पलीकडे स्वयंपाक करणारी मावशी त्याच गावची असते.

आता सर्व्हे. हो, परवानगी लागते, आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीचीच लागते. ‘आम्ही फक्त प्रश्न विचारणार, रक्त घेणार नाही’ म्हणून सुटका नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आदिवासी समाजाचा विचार वेगळी काळजी घ्यायला हवी अशा गटांत केलेला आहे. परदेशात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करणारी आपली मराठी मुलंही हल्ली मेळघाट-गडचिरोलीत प्रबंधासाठी येतात. त्यांना वाटतं तिकडच्या विद्यापीठाचा शिक्का पुरे. तो पुरत नाही, इथल्या कमिटीची मंजुरी लागते, आणि परदेशी पैसा किंवा संस्था गुंतली असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं.

पण मंजुरीचं पत्र खिशात आलं म्हणजे संमती मिळाली असं नाही. मेळघाट 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला, त्यानंतर कित्येक गावं जंगलातून खाली हलवली गेली. तिथे कागदावर अंगठा देणं म्हणजे काय, याला इतिहास आहे. रेशनला अंगठा, रोजगार हमीच्या मजुरीला अंगठा, गाव सोडायला अंगठा. तुम्ही संमतीपत्र पुढे केलंत की समोरचा माणूस दोनपैकी एक समजतो: काहीतरी मिळणार आहे, नाहीतर काहीतरी जाणार आहे. ‘नाही म्हटलं तरी चालेल, औषध तेवढंच मिळेल’ हे वाक्य कोरकूत कसं म्हणायचं ते आशाताईंकडून आधी शिकून घ्या आणि कागद काढण्यापूर्वी म्हणा. आजवर मला एकही विद्यार्थी भेटलेला नाही ज्याच्या सर्व्हेत शंभरातल्या दहांनी तरी नकार दिला. हा आकडा पाहून मला आनंद होत नाही, संशय येतो.

आश्रमशाळा तर सगळ्यांना सोपी वाटते. मुलं एका जागी, ओळीत उभी, मुख्याध्यापकांची एक सही. इथे तुम्हाला खम्ममची गोष्ट माहीत असायला हवी. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातला खम्मम जिल्हा आणि गुजरातचा वडोदरा, इथे हजारो मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी, लस देण्याचा प्रकल्प झाला. अमेरिकी संस्था पाथ आणि आयसीएमआर त्यात होते. खम्मममध्ये वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली बऱ्याच होत्या आणि अनेकींच्या संमतीपत्रावर आईबापांच्या जागी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांची सही होती. सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध दिसला नाही. तरी एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने फार कडक शब्दांत ताशेरे मारले. चांगल्या लशीचं नाव देशभर खराब झालं ते सह्यांमुळे. तुमच्या शिबिरात हिमोग्लोबिनसाठी बोट टोचायचं असेल तरी पालकांना निरोप जायला हवा, आणि मुलीने हात मागे घेतला तर तो हात तिचाच आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी करायचा मोह होईल, किट स्वस्त आहे आणि 2023 पासून राष्ट्रीय मोहीमही आहे. सरकारी मोहिमेचा भाग म्हणून, समुपदेशकासह होत असेल तर जरूर मदत करा. स्वतंत्रपणे करू नका. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे नीट समजावून सांगायला तुमच्याकडे ना भाषा आहे ना वेळ. चाचणी सोमवारी होते, तुम्ही शुक्रवारी बसमध्ये बसता आणि ‘त्या घरच्या पोरीत दोष निघाला’ ही बातमी पुढच्या लग्नसराईपर्यंत टिकते. शिवाय, गडचिरोलीत बंगांनीही सुरुवात सिकलसेलच्या अभ्यासाने केली होती आणि हा तुमचा प्रश्न आहे, आमचा नाही, असं लोकांनी त्यांना ऐकवलं, हे डॉ. अभय बंग स्वतःच जाहीरपणे सांगतात. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचंही असंच. शिबिरात पंधरा दिवसांची पाकिटं वाटणं सोपं आहे. सोळाव्या दिवसाची गोळी उपकेंद्रात आहे का, ते पाहूनच पहिली सुरू होऊ द्या.

फोटो: कुपोषित मुलाचा नाही, चेहरा झाकूनही नाही, तुमच्या खासगी ग्रुपवरही नाही. माझ्या माहितीतली एक मुलगी आज दहावीत आहे. तिचा वर्षाची असतानाचा फोटो दर पावसाळ्यात कुठे ना कुठे फिरतो आणि तो आता तिच्याही मोबाईलवर येतो. चॉकलेटं, जुने कपडे, खेळणी नेऊ नका. न्यायचंच असेल तर अंगणवाडीला काय कमी आहे ते विचारून नेमकं तेवढं न्या. बहुधा वजनकाट्याचे सेल निघतील.

आणि ऍप्रन. गडचिरोलीत शोधग्राम हे आपलं केंद्र उभं करताना बंगांनी आदिवासींना विचारलं होतं, दवाखान्यात यायला भीती का वाटते? एक कारण असं निघालं की तिथले सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढऱ्यात आम्ही मढं गुंडाळतो. मेळघाटात मला हे कुणी म्हटलेलं नाही, गोंडांचं ते कोरकूंचं असं धरूनही चालू नये. पण ऍप्रन घातलेला माणूस तिथे डॉक्टर असतो, आणि तुम्ही सातजण अजून डॉक्टर नाही आहात. लोक तुमच्यापुढे मूल ठेवतील आणि तुम्हाला ‘मी डॉक्टर नाही’ हे ज्या भाषेत सांगता येत नाही त्या भाषेत सांगावं लागेल. तेव्हा ऍप्रन पुण्यातच राहू द्या. गमबूट घ्या, दोन टॉर्च घ्या, आणि एक जाड वही सगळ्यांत मिळून. कुणाला काय सांगितलं, कुणाला पुन्हा बघायचं ठरलं, कुणाला रेफर केलं आणि तो गेला की नाही, हे रोज रात्री त्यात उतरवायचं. निघायच्या आदल्या दिवशी सिस्टरांसोबत तासभर बसून ती वही वाचून दाखवा आणि त्यांच्याकडेच ठेवून या. तुमच्या डायऱ्या तुम्ही घरी न्या.